पाट्याखालच्या लाटा

चमेलीबाई लग्न होऊन दोंडाईच्याकडून रावेरला आली, ती टाकी-हातोडी घेऊनच. झिजलेल्या पाट्या-जात्यांना टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करण्यात तिचा जन्म गेला. पुढे मिक्सर आले आणि तिचं काम पळालं. त्यांना ती अजून शिव्या घालते. पण घरात बाळ जन्मलं की लोकांना तिची आठवण होतेच. पाचवीला पाटा पुजतात, त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. सुनंदाबाईंच्या घरी तर पाचवीचा पाटा ताजी टाकी लावलेलाच लागतो.

त्यांचा पाटा माहेरचा, सातपुड्यापलीकडून आलेला. वरून झिजून पार खोलगट झाला होता.

"आता उलटा कर आणि खालून टाकी लाव," सुनंदाबाई म्हणाल्या. "नातीची पाचवी आहे. दिवेलागणीच्या आत झाला पाहिजे."

चमेलीबाईनं पाटा पालथा केला. खालच्या अंगाला एकाशेजारी एक वळ्या उठलेल्या होत्या, तापीचं पाणी ओसरल्यावर काठच्या वाळूत उठतात तशा. आधी या सपाट करणं आलं, म्हणून ती कुरकुरली आणि तिनं पहिला घाव घातला. एका वळीचा टवका उडाला आणि टाकीची धारच बोथटली. आपल्याकडचा काळा दगड असा कधी हट्ट करत नाही.

आवाज ऐकून सुनंदाबाईंची भाची मोनाली बाहेर आली. ती जळगावला भूगर्भशास्त्र शिकते. पाटा पाहताच ती खाली बसली.

"चमेलीमावशी, थांबा. या समुद्राच्या तळावरच्या लाटा आहेत."

"पत्थरमा समुद्र?" चमेलीबाई हसली.

मोनालीनं सांगितलं ते असं. कोट्यवधी वर्षांपूर्वी सातपुड्यापलीकडे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू साचली, पाण्यानं तिच्यावर या वळ्या उठवल्या. वर थरांवर थर चढले, तळ खोल दबत गेला, तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं वाळूचा कण कणाला चिकटून हा दगड झाला. सगळं बदललं, पण वळ्या तेवढ्या राहिल्या.

"बोट फिरवा. एका अंगाला उतार हळू आहे, दुसऱ्या अंगाला एकदम. पाणी हळू उताराकडून आलं."

चमेलीबाईनं बोट फिरवलं. खरंच तसं होतं. जन्मभर दगड चाचपलेल्या त्या बोटाला पाणी कुठून कुठे गेलं ते कळलं.

"ते सगळं खरं," सुनंदाबाई म्हणाल्या, "पण पोर मूठभर आहे, धड दूध ओढत नाही. बिनटाकीच्या पाट्यापाशी सटवाई आलीच नाही तर?"

आल्या कामाला चमेलीबाईनं कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आज मात्र तिनं टाकी पिशवीत टाकली.

"अक्का, यानावर आधीच कोनी तरी लिखी ठेयेल शे. इतलं दबनं, इतलं तपनं, तरी पुसायनं नही. पोरना कपायवर असंच लिखाले पाहिजे ना?"

सुनंदाबाईंनी वळ्यांवरून हात फिरवला. मग त्यांनी पाटा तसाच, लाटांची बाजू वर करून, देवघरापुढे मांडायला लावला.

दिवा लागल्यावर त्यांनी पाट्यावर हळदीचं पाणी ओतलं. ते वळ्यांमधल्या खळग्यांत थांबलं. टवका उडाला होता तिथून मात्र एक बारीक धार पुढच्या खळग्यात गेली, त्या जुन्या समुद्राच्या पाण्यासारखी हळू उताराकडूनच. चमेलीबाईला रडू आलं. बाळाला पाट्याशेजारी निजवलं, तेव्हा आधी कुणाच्या पाया पडावं हे तिला कळेना. तिनं एक हात पाट्यावर ठेवला आणि एक बाळाच्या कपाळावर.