अर्ज माझ्याकडेच होता

बाबा तीन महिने आमच्याकडे ड्रेस्डेनला होते आणि गुरुवारी भारतात परत जाणार होते. ताई गाडीने चार तासांवर, हॅनोव्हरला. तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अकरा वर्षं अबोला. "आधी माफीचं पत्र येऊ दे, मग बघू," हे बाबांचं पालुपद. पत्र तिने तेव्हाच पाठवलं होतं, माझ्याकडे, बाबांना द्यायला. त्यांची बायपास नुकतीच झालेली. बरे झाले की देऊ म्हटलं. मग इतका उशीर झाला की द्यायचीच लाज वाटायला लागली. कपाटातल्या ओर्डनरमध्ये, इथे घरोघरी असते त्या जाड फायलीत, भाडेकराराच्या मागे ते पडून होतं. त्या कपाटाकडे मला बघवायचं नाही.

मंगळवारी माझी चौदा वर्षांची लेक शाळेतल्या भाषणाची तालीम करत होती. विषय, अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांनी गुन्हेगारांना दिलेली माफी. तिथले जर्मन शेतकरी घरपट्टीवर भडकले. पट्टी ठरवायला खिडक्या मोजत आलेल्यांवर बायकांनी वरून गरम पाणी ओतलं. त्यांच्या पुढाऱ्याला, कुत्रा घेऊन गावोगाव लिलाव पुकारत हिंडणाऱ्या माणसाला, देशद्रोहासाठी फाशी ठोठावली. ती जर्मनमध्ये सांगत होती, मी बाबांना मराठीत.

बाबा जन्मभर जिल्हा कोर्टात कारकून. ताठ होऊन बसले. "अर्ज केला होता का त्याने?"

"या, गेनाऊ, आजोबा!" म्हणजे हो, अगदी. मंत्री म्हणत होते फासावर द्या; देशाच्या दुसऱ्या अध्यक्षाने त्यांचं ऐकलं नाही, माफ करून टाकलं.

"करणारच! अर्ज पोचला होता ना त्याच्यापर्यंत. मला आलाय का एक तरी?"

काय झक मारली होती मी! उठलो, फाईल काढली, पत्र त्यांच्या हातात दिलं. "बाबा, हे तेव्हाच आलं होतं. तुम्हाला दिलं नाही ते मी. ताईची काही चूक नाही हो."

त्यांनी दोनदा वाचलं. मग पेन काढून कोपऱ्यात 'आवक' लिहिलं, कोर्टात आलेल्या प्रत्येक कागदावर लिहायचे तसं, आणि थांबले.

"तारीख कुठली घालू रे?"

त्यांनीच आजची घातली.

"हॅनोव्हरची गाडी किती वाजता?"

"आत्ता निघालो तर मिळेल," म्हणत मी जॅकेट घ्यायला धावलो.

"तू नको." त्यांनी नातीचा हात धरला. "ही नेईल मला."