पेटीपुढे काढलेली चप्पल

ओल्या शेणाचा वास आला की व्हिडिओ गेमची ती पेटी आठवते. भंगारातला टीव्ही, मोडक्या बाकाच्या फळ्या आणि धानाच्या कोठीचा पत्रा जोडून दादाने ती पडवीत उभी केली होती. आईने सकाळी जमीन सारवली, पेटीपुढे नारळ फोडला. पहिला डाव माझ्या मित्राचा. पूजा झालेली वस्तू म्हणून त्याने पेटीपुढे चप्पल काढली आणि विमान वळवायचा पत्र्यावरचा लोखंडी दांडा धरला. पडद्यावर त्याचं विमान तीनदा फुटलं, तरी तो हलेना, बोलेना. आम्हाला वाटलं, रमला. "सोड ना बे, माहा नंबर आहे," म्हणत मी हात पुढे केला. "हात नको लावू त्याले, करंट आहे!" दादा ओरडला आणि त्याने वायर उपटली. मित्र ओल्या जमिनीवर कोसळला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. आजही माझी मुलगी गेम खेळताना गप्प झाली, की मी आधी तिचे पाय पाहतो.