वेन्डेलिनच्या मुंग्या

आमच्या खोऱ्यात म्हणतात, की हवा सांगणाऱ्याचं तोंड बघू नये, त्याचा गवताचा माळा बघावा. वसंत लवकर येणार असं त्याला खरंच वाटत असेल, तर तो गाईंपुढे सढळ हाताने वाळलेलं गवत टाकतो. उशिरा येणार असेल तर हात आखडतो. तोंडाने काय, काहीही बोलता येतं.

वेन्डेलिन इमहोफला मात्र तेही येत नसे. मी मास्तर झालो तेव्हाच्या पहिल्या वर्गातला तो. मी बावीस वर्षांचा होतो, तो अकराचा. गणितात कच्चा, शुद्धलेखनात त्याहून कच्चा. पण खिडकीबाहेर बघून दुपारी बर्फ पडणार का ते सांगायचा, आणि बर्फ पडायचा. गृहपाठ केलेला नसला की मी विचारायच्या आधीच त्याचे कान लाल होत.

पुढे गाई राखता राखता तो आमच्या हवा हुंगणाऱ्यांच्या मंडळात आला. मंडळात सहा शेतकरी. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी बाल्झच्या खानावळीत ते येणाऱ्या वसंताचा अंदाज सांगतात. कुणी उंदरांची बिळं बघतो, कुणी लार्च झाडाच्या कळ्या चावून बघतो. वेन्डेलिन मुंग्या बघायचा. मी चिटणीस. कोण काय म्हणालं ते वहीत लिहायचं आणि ऑक्टोबरात कुणाचं किती खरं ठरलं ते वाचून दाखवायचं, हे माझं काम. जो सगळ्यात जास्त चुकेल त्याला दात पडलेलं एक लाकडी दाताळं मिळतं. ते वर्षभर स्वयंपाकघरात टांगावं लागतं. वेन्डेलिनच्या घरी ते कधीच गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याच्या बायकोच्या, आगाथाच्या, पोटात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की बरं होणार नाही, थोडा वेळ मिळेल. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी पिवळ्या बसने दोन तास जायचं, सुई टोचून घ्यायची आणि परत येऊन तीन दिवस ओकत पडायचं. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. आगाथा कांदा चिरत होती. चिरता चिरताच नवऱ्याला म्हणाली, "मला एकदा वाइसबोडनला जायचंय. गाईंबरोबर. चालवलं नाही तर ट्रॅक्टरवर बसेन. मेच्या मध्यापर्यंत वर गवत येणार असेल, तर घेते मी या सुया. पण जूनपर्यंत बर्फच राहणार असेल, तर आत्ताच सांग. मग मी त्या बसमध्ये बसणार नाही."

वाइसबोडन हे त्यांचं वरचं कुरण. लग्न झाल्यापासून एकही उन्हाळा तिने खाली काढला नव्हता.

वेन्डेलिन म्हणाला, शनिवारी सांगतो, सगळ्यांबरोबर, तसा नियमच आहे. नियमाप्रमाणे चालणारा माणूस, त्यामुळे आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी खानावळ भरली होती. आगाथा पुढच्याच बाकावर, डोक्याला लाल लोकरी टोपी. आधीच्या पाचही जणांनी उशिराचा वसंत सांगितला. एकाने तर त्याचे उंदीर दुसऱ्यांदा झोपायला गेलेत असं सांगून टाळ्या घेतल्या. मग वेन्डेलिन उभा राहिला, हॅट हातात धरून. मुंग्या वर आल्यात, म्हणाला. वारुळाच्या दक्षिणेच्या अंगाला उन्हात बसतात. मार्चमध्ये आठ दिवस फ्योनचा गरम वारा वाहील. मेच्या दहा तारखेला वाइसबोडनला गवत असेल.

मग बाल्झ ग्लास पुसत म्हणाला, "अरे, रानात छातीएवढा बर्फ आहे. तुझ्या मुंग्या काय स्कीवरून आल्या?"

सगळे हसले. आगाथाही हसली. मी वहीत 'दहा मे' असं लिहिलं आणि वर बघितलं. वेन्डेलिनचे कान लाल झाले होते.

सोमवारी तो खिंडीपलीकडून गाडीभर गवत विकत घेऊन आला. रस्त्यावरून जाताना ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे खोऱ्यात एकाही शेतकऱ्याने हात सैल सोडला नाही. पण बेकरीत आगाथा भेटली की बायका तिला सांगायच्या, आमच्याकडे तर बाई गाईंना पोटभर देताहेत, वेन्डेलिन बोललाय म्हटल्यावर कशाला राखून ठेवायचं. बाल्झच्या बायकोने बियाण्याचे बटाटे अंकुरायला खिडकीत मांडून ठेवले, आगाथाला बसमधून दिसतील असे.

आगाथा बसने जात राहिली. मार्चअखेरीस एकदा त्यांची गाय व्यायला झाली होती, वेन्डेलिनला गोठा सोडता येईना, म्हणून आगाथाबरोबर मी गेलो. येताना ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोप लागली.

"मास्तर," ती म्हणाली, "ती वारुळं त्याला मीच दाखवली होती. लग्नाच्या आधी. या दिवसांत तिथे वर काय असतं ते मला माहीत नाही होय?"

मी विचारलं, मग या सुया कशासाठी?

"अख्ख्या खोऱ्यासमोर उभा राहून बोलला तो. मला निदान बसमध्ये तरी बसायला नको?" मग म्हणाली, "मला कळलंय हे त्याला सांगू नका. जन्मात एवढं एकच खोटं जमलंय त्याला."

एप्रिलमध्ये पुन्हा दोन वेळा बर्फ पडला. शेवटच्या आठवड्यात आगाथा गेली. अंत्यविधीच्या दिवशी सकाळी वेन्डेलिनने दफनभूमीची वाट एकट्याने साफ केली, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. वाइसबोडनला गवत आलं ते वीस जूनला. तो गाई घेऊन गेला. ट्रॅक्टर खालीच होता.

ऑक्टोबरात मी वही उघडली. मी काही वाचण्याआधीच बाल्झ म्हणाला, की यंदा वेन्डेलिनचा अंदाज धरू नये, असं सगळ्यांचं मत आहे. वेन्डेलिन मागच्या बाकावरून उठला.

"का धरू नये? मी बोललो आणि चुकलो. लिहा, मास्तर."

मी लिहिलं. त्याने पुढे येऊन दाताळं घेतलं. टाळ्या वाजवाव्यात का, ते कुणाला समजेना.

माणसं पांगल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. दाताळं त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तिला कळलं होतं का, मास्तर?"

चाळीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो. मी म्हणालो, "नाही. मेच्या दहा तारखेची वाट बघत होती ती."

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता. पेनाचं टोपण मी काढून लावत होतो, पुन्हा काढत होतो.

"बरं," तो म्हणाला. मग हॅट घातली, दाताळं खांद्यावर टाकलं आणि घरी गेला.