मीच बंद केलेली सूचना

लखनौकर मंडळी, एक सल्ला हवाय, म्हणून इथे लिहितोय.

मी एका हॉस्पिटलचं टेलिफोन एक्सचेंज सांभाळतो. रिसेप्शनची लाइन बिघडल्याची सूचना स्क्रीनवर सारखी यायची आणि लाइन आपोआप सुरूही व्हायची. वैतागून परवा मी ती सूचनाच बंद केली.

आज लाइन खरंच मेली. बाहेरच्यांना रिंग ऐकू येत होती, आत फोन वाजतच नव्हता. शेवटी चौकातून एक चाचा येऊन ओरडले, "सुबह से कोई उठाता ही नहीं!"

साहेबांनी ऑपरेटर सुनीतादीदींना सगळ्यांसमोर झापलं, लेखी खुलासा मागितला. मी लाइन सुरू केली, तर मला शाबासकी!

संध्याकाळी दीदी म्हणाल्या, "भैया, मशीन आप समझते हैं, जवाब आप ही लिख दीजिए."

कोरा कागद समोर आहे. सांगा यार, काय लिहू?