डॉडच्या वाट्याचे काटे

स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावर आर्ची गुर्ली आणि डॉड लम्सडेन जोडीनं गॉल्फ खेळत. चेंडू एकच, आर्चीनं पहिला फटका मारला की पुढचा डॉडचा. पहिल्या फटक्याची आर्चीची काठी, म्हणजे ड्रायव्हर, लांब दांड्याची. चेंडू दूर जाई, पण काटेरी झुडपात, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी आत शिरावं लागे डॉडला.

"पुन्हा झुडपात घातलास तर दुसरा जोडीदार बघ," डॉडनं बजावलं.

क्लबचं दुकान सांभाळणाऱ्या इशबेलनं आखूड दांड्याचा ड्रायव्हर पुढे केला. "काका, हा ताब्यात राहील."

"हा म्हाताऱ्यांचा!" आर्ची गुरगुरला.

"मग तू कोण? लेका, गोदीत घण कसा धरायचास?" डॉडनं विचारलं.

आर्चीनं काठी हातात तोलून पाहिली. गोदीत तो दांडा आखूडच धरायचा. घाव चुकला असता, तर समोर छिन्नी धरलेल्या सोबत्याचा हात गेला असता. त्यानं आखूड ड्रायव्हर घेतला.

शनिवारी चेंडू नेहमीपेक्षा अलीकडेच पडला, पण मोकळ्या गवतात, मधोमध. डॉड मात्र झुडपांच्या वाटेला लागला होता.

"अरे, तिकडे कुठं?" आर्ची ओरडला.

"सवय, दुसरं काय!" म्हणत डॉड मागे वळला.