मिल्काबाईंचा शनिवार

मिल्काबाई वाक्रूळकर दौंडमध्ये शिवणकाम करायच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो वारल्यावर त्यांनी स्टेशनजवळ दुकान टाकलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या धर्माचं दुसरं घर आसपास उरलं नव्हतं. शुक्रवारी दिवस मावळला की दुकान बंद, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. मी, दीक्षा, त्यांच्या हाताखाली शिवायचे.

दोन हजार चार साली पुण्यात त्यांच्या समाजाची सभा होती. मायमोनिडीझ नावाच्या ज्यू तत्त्वज्ञाला जाऊन आठशे वर्षं झाली होती. बाईंनी हे नाव लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. मोठा विचारवंत, शिवाय इजिप्तच्या दरबारातला वैद्य. बाई ठेवणीतली साडी नेसून हौसेनं निघाल्या, मलाही घेतलं. व्याख्याते म्हणाले, जगभर अजून त्याच्या शब्दावर वाद झडतात. हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दलही त्यानं एका पत्रात लिहिलंय, की त्यांना धर्मशास्त्र ठाऊक नाही, फक्त शनिवार पाळतात आणि मुलांची सुंता करतात. लोक कौतुकानं हसले. बाई हसल्या नाहीत.

परतताना गाडीत त्या खिडकीशी बसल्या. केडगाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "आठशे वर्षं झाली मरून, तरी त्याचा शब्द लागतो बघ. पण आमच्या घरात कधी डोकावला होता का? पोथ्या नव्हत्या, शिकवणारं कुणी नव्हतं. तेलाचे घाणे चालवायचे आमचे लोक, तरी शनिवारी बैल सोडून ठेवायचे. आणि हा म्हणतो, फक्त!"

"मग आता वं, बाई?"

"आता काय? पाळायचा."

त्याच वर्षी दिवाळीआधी पोपटराव आले. एका साखर कारखान्याची ठेकेदारी करायचे, तिथलं शिवणकाम बाईंकडंच द्यायचे. रविवारी हंगामाचा कार्यक्रम, पुढारी येणार, रखवालदारांचे गणवेश शनिवारी हवेत. कापड आणून टाकलं ते शुक्रवारी ऊन कलल्यावर.

"उद्या बंद असतं," बाई म्हणाल्या.

"एक शनिवार उघडलं तर काय बिघडतंय? तुमच्या जातीचं हितं हाय कोण बघायला?"

"मी आहे की."

"वरीसभराचं काम जाईल. इचार करा."

"विचार आमच्या म्हाताऱ्यांनी कधीच करून ठेवलाय. कापड उचला."

पोपटरावांनी उचललं, आणि बोलल्याप्रमाणे केलंही. कारखान्याचं काम गेलं, त्यांच्या ओळखीतली गिऱ्हाइकंही तुटली. तो हिवाळा आम्ही साड्यांना फॉल लावून काढला. माझी चिडचिड व्हायची. बाई मात्र पहिल्यापेक्षा ताठ चालायला लागल्या. पुढं एका शाळेचे गणवेश मिळाले आणि मशिनी पुन्हा चालू लागल्या.

त्या वर्षी बाईंनी पुण्याहून मायमोनिडीझचं चित्र मागवलं. पागोटं, दाढी, करारी चेहरा. दुकानात दारासमोरच लावलं.

"तुमाला राग हाय ना त्येचा?" मी विचारलं.

"म्हणून तर लावलाय. रोज बघू दे त्याला आमच्याकडं."

गिऱ्हाइकं विचारायची, हे कुठले बाबा? बाई सुईत दोरा ओवत सांगायच्या, "फार मोठा माणूस. आमच्या बाबतीत तेवढा चुकला."

काही बायका जाताजाता त्याला हात जोडायच्या. बाई त्यांना कधी अडवत नसत.