दोनशे वर्षांनंतरच्या बाई

एखाद्या मुलाच्या तोंडून अनोळखी शब्द निघाला की आमच्या विज्ञानाच्या बाईंचा चेहरा, टोपलीत ताजी सुरमई दिसल्यावर गिऱ्हाइकाचा होतो तसा व्हायचा. "हा कुठून आणलास रे?" असं त्या अगदी हावरेपणाने विचारायच्या. बाकीचे शिक्षक मुलांची भाषा सुधारत, बाई ती गोळा करत. मी साताऱ्याकडचा. कोकणात बोर्ली पंचतनला चित्रकलेचा शिक्षक म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या तोंडून "लई" गेलं आणि सगळे हसले. बाईंनी मात्र खुर्ची जवळ ओढली. "सर, तुमच्याकडे 'खूप' आणि 'लई' यांत काही फरक असतो का हो?" मी विचारात पडलो. फरक होता! त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाई आतल्या गावातल्या, भातशेतीवाल्या घरातल्या. "घरी मी 'हाय' म्हणते, शाळेत 'आहे' म्हणते आणि मुंबईला बहिणीकडे गेले की रिक्षावाल्याला 'है' म्हणते. बाई एकच," असं त्या सांगत. लगेच पुढचा प्रश्न यायचा, "दोनशे वर्षांनी यातलं काय उरेल, सांगा." गोष्ट कुठलीही असो, सुपारीचा भाव असो की खाडीचं पाणी, बाई ती दोनशे वर्षं पुढे नेऊन बघत. मुलांनी त्यांचं नावच "दोनशे वर्षांनंतरच्या बाई" पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

स्नेहसंमेलनाला त्या दर वर्षी एक नाटक लिहीत. पहिल्या वर्षी त्यांनी मला पडदे रंगवायला बोलावलं. नाटकात समुद्र वर चढलेला आणि आमच्या जवळचं दिघी बंदर पाण्याखाली, काचेच्या घुमटात वसलेलं. नारळी पौर्णिमेला तिथले लोक नारळ सोडतात तो खाली जात नाही, तरंगत वर जातो. ईदचा चंद्र दिसला का, हे वरून आलेल्या फेरीवाल्यांना विचारावं लागतं, आणि दिसला म्हटलं की सगळा घुमट शीरखुर्मा खातो. मी विचारलं, "आणि हे लोक बोलतात काय?" बाई म्हणाल्या, "ते मी लिहिणार नाही. मुलं आणतील." नियम एकच होता. जो शब्द वर्गातल्या कुणाच्या तरी घरात आज रोज वापरतात, तोच नाटकात घ्यायचा. मग कुणी "बापूस" आणला, कुणी मावशीसाठी "खाला". गुजराती किराणा दुकानदाराच्या मुलाने "मजामा" आणलं. कसं चाललंय विचारलं की घुमटातला प्रत्येक माणूस "मजामा" म्हणू लागला.

त्या वर्गात मैना नावाची एक नेपाळी मुलगी होती. तिचे वडील जवळच्या एका आंब्याच्या वाडीवर राखणदार. ती वर्गात एक अक्षर बोलत नसे, आणि तिला काही येत नाही असं बहुतेकांनी ठरवून टाकलं होतं. बाईंनी तिला विचारलं, "तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात?" ती पुटपुटली, "पानी." वर्ग खो खो हसला. "हसताय काय? तुमच्याही घरी हाच आहे, म्हणजे हा शब्द दोनशे वर्षं टिकणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि एखादी गोष्ट माहीत नसली तर घरी काय म्हणतात?" मैनाने खांदे उडवले आणि म्हणाली, "खै!" त्या एका आवाजात 'कोण जाणे', 'मला काय विचारता' आणि 'जाऊ दे' हे सगळं होतं. मुलं खूश झाली. आठवडाभरात अख्खी शाळा गृहपाठ विचारला की "खै" म्हणू लागली. मुख्याध्यापक वैतागले. मैनाला घुमटाच्या दारावरची पहारेकरीण केलं गेलं.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्या, त्यांना तालमीचा सुगावा लागला. ते तडक शाळेत आले. "बाई, ही कसली भाषा हाय? ना धड मराठी, ना धड हिंदी! पोरांची जीभ बिघडवायला शाळा काढली न्हाय आपण."

"तात्या, तुम्ही पनवेलच्या नातवाशी फोनवर बोलता ना, तीच ही भाषा," बाई शांतपणे म्हणाल्या.

"तुम्ही चोरून ऐकता?"

"चोरून कशाला? तुम्ही एसटी स्टँडवर उभे राहून बोलता. ऐकायला बरं वाटतं."

तात्या क्षणभर हसलेच. मग म्हणाले, "ते घरातलं झालं. स्टेजवर न्हाय चालायचं."

"मैना घराबाहेर पहिल्यांदा बोलायला लागली आहे, तात्या. नाटक बंद केलंत तर ती पुन्हा गप्प होईल. तिला मी काय सांगू?"

तात्यांनी कार्यक्रमपत्रिका मागवली. शेवटी नाटक बक्षीससमारंभानंतर, सगळ्यांत शेवटी ठेवायचं ठरलं. तोवर निम्मे लोक उठून जातात, हे त्यांना माहीत होतं.

पण लोक उठले नाहीत. वरच्या जगातून आलेला पाहुणा अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "कृपया मला बाजारपेठेचा मार्ग सांगावा." मैनाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खांदे उडवून म्हणाली, "खै!" मंडपात असा हशा उसळला की पाहुणा पुढचं वाक्य विसरला. भिंतीला टेकून मैनाचे वडील उभे होते. ते हसले नाहीत. नाटक संपल्यावर ते पडद्यामागे आले. "मॅडम, ये तो हमारा है," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत राहिले.

आंब्याचा हंगाम संपला तसं मैनाच्या वडिलांना रत्नागिरीकडे दुसरं काम मिळालं. बाई त्यांच्या खोपीवर गेल्या. "मैनाला माझ्याकडे ठेवा. दहावीपर्यंत मी बघते." मैनाच्या आईने मुलीला जवळ ओढलं. बाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. एसटी सुटेपर्यंत त्या स्टँडवर होत्या. परत येताना मला म्हणाल्या, "शब्द ठेवून गेली. माणसाला ठेवता आलं नाही." पुढची कित्येक वर्षं त्यांनी ओळखीच्यांकडे चौकशी केली, पण मैनाचा पत्ता लागला नाही.

निवृत्तीच्या वर्षीच्या नाटकात त्यांना "उडवी" हा शब्द हवा होता. कापलेल्या भाताचे भारे रचून ठेवतात, ती उडवी. त्यांची आई तो रोज बोलायची. त्यांनी प्रत्येक वर्गात फिरून विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हता. मी म्हटलं, "बाई, घालून टाका. नाटक तुमचंच आहे."

"नियमही माझाच आहे ना," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द खोडला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

निवृत्तीनंतर त्या गावी भावाकडे राहिल्या. नंतर आजारपण आलं. मी भेटायला गेलो तेव्हा पडवीत उशीला टेकून बसल्या होत्या, फार थकलेल्या.

"यंदा शाळेत नवीन कोण आलंय?"

"बंदरावर कामाला आलेल्यांची मुलं आहेत. सहावीत एक बिहारकडचा मुलगा आहे."

"काजव्याला काय म्हणतो तो?"

"विचारलं नाही अजून."

"विचारा. आणि मला कळवा."

दोन दिवसांनी त्यांच्या भावाचा फोन आला. "सर, बाय गेली आमची."

सोमवारी सहावीवर माझा तास होता. मी वर्गात गेलो आणि त्या मुलाला उभं केलं. आपल्याला रागावणार असं वाटून तो बिचकला. मी विचारलं, "तुमच्याकडे काजव्याला काय म्हणतात रे?"

"भगजोगनी," तो हळूच म्हणाला.

खडू हातातच होता, तो शब्द मी फळ्यावर लिहिला. मग मी म्हटलं, "चला, आज सगळ्यांनी भगजोगनी काढायची. आधी कागद पूर्ण काळा करून घ्या."